जुन्या मदरबोर्डवर चालणारा सर्वांत वेगवान प्रोसेसर कसा निवडावा आणि कसा बसवावा

जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलताना बहुतेकजण एकाच क्रमाने जातात. सॉकेटचे, म्हणजे बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे, नाव पाहतात, त्या सॉकेटचा सर्वांत मोठ्या आकड्याचा प्रोसेसर सेकंडहँड बाजारातून आणतात, तो बसवतात, आणि डिस्प्ले आला नाही की मग बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रोग्रॅमची, चौकशी सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. सॉकेट जुळणे म्हणजे प्रोसेसर त्या खाचेत बसेल एवढेच. तो चालेल की नाही हे चिपसेट (बोर्डावरील भागांचा प्रोसेसरशी मेळ घालणारी चिप), बायोसची आवृत्ती, बोर्डाची वीजपुरवठ्याची ताकद आणि त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही, या चार गोष्टी ठरवतात. या चारही गोष्टी पैसे खर्च करण्यापूर्वी तपासता येतात, आणि तशाच तपासाव्यात. म्हणून पुढच्या टप्प्यांत खरेदी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

उदाहरणासाठी इंटेलचा एलजीए ११५५ सॉकेट आणि एच६१ चिपसेट असलेला बोर्ड घेतला आहे. घरी, दुकानांत, डीटीपी करणाऱ्यांकडे आणि लहान कार्यालयांत हे बोर्ड अजून मोठ्या संख्येने चालू आहेत, आणि प्रोसेसर बदलताना जे जे चुकू शकते ते जवळपास सगळे या एका बोर्डात भेटते. सध्या त्यावर कोअर आय३-२१२० आहे असे धरू : दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), ३.३ गिगाहर्ट्‌झ, ६५ वॉट.

## आधी हे पाहा : अडथळा खरोखर प्रोसेसरचाच आहे का?

नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचे पान पाहावे. प्रोसेसर सतत ९० टक्क्यांच्या वर असेल आणि डिस्क व रॅम मोकळी असेल, तरच प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवावी. रॅम ४ जीबीच असेल तर आधी ती वाढवावी. एच६१ चिपसेटवर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एकूण मर्यादा १६ जीबीची आहे, हेही याच वेळी लक्षात घ्यावे.

आणखी दोन मर्यादा कोणत्याही खर्चाने ओलांडता येत नाहीत. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी अधिकृतपणे लागते, त्यामुळे एलजीए ११५५ वरचा कोणताही प्रोसेसर त्या यादीत येत नाही; विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दुसरे म्हणजे, एव्हीएक्स२ हा सूचनासंच इंटेलने २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिला. तुम्हाला हवे असलेले सॉफ्टवेअर किंवा गेम एव्हीएक्स२ मागत असेल, तर या सॉकेटवरचा सर्वांत महाग प्रोसेसरही ते चालवू शकणार नाही. अशा वेळी बोर्डासकट संगणक बदलण्याचा विचार करावा. लिनक्सवर काम असेल, किंवा टॅली, टायपिंग, फोटो दुरुस्ती, मुलांचा अभ्यास अशी कामे असतील, तर मात्र हा बदल अनेक वर्षे उपयोगी पडतो.

## टप्पा १ : बोर्डाची नेमकी ओळख पटवणे

चिपसेटचे नाव ही बोर्डाची ओळख नव्हे. ‘माझा एच६१ आहे’ एवढ्या माहितीवर कोणताही निर्णय घेता येत नाही. एकाच चिपसेटचे डझनावारी बोर्ड निघाले आणि त्यांतले सगळे एकसारखे प्रोसेसर घेत नाहीत. आपल्याला उत्पादकाचे नाव, पूर्ण मॉडेल क्रमांक, आवृत्ती आणि सध्याच्या बायोसची आवृत्ती व तारीख अशा चार नोंदी हव्या आहेत.

१. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे बेसबोर्डचा उत्पादक, मॉडेल आणि बायोसची आवृत्ती व तारीख दिसते.

२. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून मेनबोर्डच्या पानावर तीच माहिती पडताळावी. चिपसेटचे नाव येथे स्पष्ट मिळते. लिनक्सवर हीच माहिती डीएमआयडीकोड या आज्ञेने मिळते.

३. संगणक बंद करून, वीज काढून, कॅबिनेटची बाजू उघडावी आणि बोर्डावर छापलेले मॉडेल डोळ्यांनी वाचावे. ते बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटजवळ किंवा रॅमच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असते.

४. बोर्डाच्या कोपऱ्यातील आवृत्ती क्रमांकही वाचावा. गिगाबाइटच्या बोर्डांवर हा क्रमांक कोपऱ्यात छापलेला असतो, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी संकेतस्थळावर वेगवेगळी पाने व वेगवेगळे बायोस असतात.

तिसरी आणि चौथी पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. दुरुस्तीत बोर्ड बदलला गेलेला असतो, कधी त्यावर दुसऱ्याच मॉडेलचा बायोस चढवलेला असतो, आणि मग सॉफ्टवेअर जे सांगते ते बोर्डावर छापलेल्याशी जुळत नाही. फरक आढळला तर छापलेले नाव प्रमाण मानावे.

तपासणी : चारही नोंदी कागदावर लिहून झाल्या का? बोर्डाचे छायाचित्र काढून ठेवले का? त्यात प्रोसेसरच्या आसपासचा भाग आणि वीजजोडणी स्पष्ट दिसली पाहिजे. टप्पा ४ मध्ये ते लागेल.

## टप्पा २ : उत्पादकाची प्रोसेसर-यादी वाचणे

बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या सपोर्ट विभागात ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ असते. तिच्यात प्रोसेसरचे नाव, वेग, स्टेपिंग (त्याच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती), वॉट असे रकाने असतात. मात्र लोक ज्या रकान्याकडे पाहतच नाहीत, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : हा प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो. नाव यादीत आहे म्हणून प्रोसेसर आणला आणि बोर्डावर त्याहून जुना बायोस असला, तर पडदा काळाच राहणार.

एच६१ च्या बाबतीत हे विशेष खरे आहे. हा चिपसेट २०११ मध्ये इंटेलच्या दुसऱ्या पिढीबरोबर, म्हणजे सँडी ब्रिजबरोबर आला. तिसरी पिढी, आयव्ही ब्रिज, २०१२ मध्ये आली. सॉकेट तोच राहिला, परंतु जुन्या बोर्डांना ती ओळखण्यासाठी नवा बायोस लागला, आणि काही बोर्डांवर बायोसबरोबर इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचे (चिपसेटमधील नियंत्रकाचे) फर्मवेअरही सातव्या मालिकेतून आठव्या मालिकेत न्यावे लागले. ज्या उत्पादकाने तो बायोस दिलाच नाही, त्याच्या बोर्डावर तिसरी पिढी चालत नाही.

ब्रँडेड संगणकांत तर हा फरक आणखी तीव्र आहे. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३९० आणि ऑप्टिप्लेक्स ३०१० या दोन्हींत एच६१ चिपसेटच आहे. ३९० मात्र दुसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे आणि ३०१० तिसरी पिढीही घेतो. बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ या कार्यालयीन चिपसेटांसाठी इंटेलने तिसऱ्या पिढीचा आधार दिलाच नव्हता. म्हणून क्यू६७ वरचा एचपी ८२०० एलिट दुसऱ्या पिढीवर थांबतो आणि क्यू७७ वरचा ८३०० एलिट तिसऱ्या पिढीपर्यंत जातो. रिफर्बिश्ड संगणक घेताना हे दोन संगणक शेजारी ठेवलेले असतात आणि बाहेरून फारसा फरक कळत नाही.

ब्रँडेड संगणकांसाठी अनेकदा वेगळी यादी मिळत नाही. अशा वेळी त्या मॉडेलची तांत्रिक पुस्तिका काढावी आणि तो संगणक नवा असताना कोणकोणत्या प्रोसेसरसह विकला जात होता ते पाहावे. त्या पर्यायांतला सर्वांत वरचा प्रोसेसर ही तुमची सुरक्षित मर्यादा समजावी.

इशारा : ‘अमुक बोर्डावर यादीत नसलेलाही चालला’ अशा ऐकीव माहितीवर पैसे लावू नयेत. ती माहिती खरी असली तरी त्या व्यक्तीच्या बोर्डाची आवृत्ती आणि बायोस तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो.

## टप्पा ३ : उमेदवारांची छाननी

यादीतला शेवटचा प्रोसेसर म्हणजेच आपल्यासाठी सर्वांत वेगवान, असे होत नाही. एलजीए ११५५ वर नेमके कोण कोण आहेत ते पाहू.

कोअर आय७-३७७० : चार कोअर, आठ थ्रेड, मूळ वेग ३.४ आणि टर्बो (गरजेनुसार आपोआप गाठला जाणारा कमाल वेग) ३.९ गिगाहर्ट्‌झ, ८ एमबी कॅश, ७७ वॉट. बोर्ड तिसरी पिढी घेत असेल तर बहुतेकांसाठी शोध येथेच संपतो.

कोअर आय७-३७७०के : मूळ वेग ३.५, टर्बो तोच ३.९. याची खरी किंमत ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, होती, आणि एच६१ वर ते करता येत नाही. शिवाय यात व्हर्च्युअल मशीनसाठी (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकासाठी) उपयोगी पडणारी व्हीटी-डी ही सुविधा नाही, जी साध्या ३७७० मध्ये आहे. एच६१ असलेल्याने ‘के’साठी जादा पैसे मोजण्याचे काहीही कारण नाही.

आय७-३७७०एस आणि ३७७०टी : ‘एस’चा मूळ वेग ३.१ आणि टर्बो ३.९, ६५ वॉट. ‘टी’चा मूळ वेग २.५ आणि टर्बो ३.७, ४५ वॉट. अतिलहान कॅबिनेटसाठी हे योग्य आहेत. अडचण अशी, की विक्रेते पुष्कळदा शेवटचे अक्षर न सांगता नुसते ‘३७७०’ म्हणतात. टी आणि साधा ३७७० यांत सर्व कोअरवर भार असताना मोठा फरक पडतो.

झिऑन ई३-१२०० व्ही२ मालिका : ई३-१२३० व्ही२ म्हणजे चार कोअर, आठ थ्रेड, ३.३ ते ३.७ गिगाहर्ट्‌झ, ६९ वॉट. ई३-१२७० व्ही२ चा वेग ३.५ ते ३.९. कागदावर या सॉकेटचा सर्वांत वेगवान प्रोसेसर ई३-१२९० व्ही२ आहे : ३.७ ते ४.१ गिगाहर्ट्‌झ, ८७ वॉट. पण या तिन्हींत ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या व्हीजीए किंवा एचडीएमआय पोर्टातून चित्र येण्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असावे लागते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर झिऑन बसवल्यावर पडदा काळाच राहील, आणि अनेकजण तो बिघडलेला समजून परत करतात. या मालिकेत क्रमांकाचा शेवटचा अंक ५ असेल, जसे १२४५ किंवा १२७५, तर ग्राफिक्स असते. ० असेल तर नसते. घरगुती बोर्डांच्या यादीत झिऑन बहुधा नसतातच, म्हणून यादीत नाव स्पष्ट सापडल्याशिवाय त्यांच्या मागे लागू नये.

हाच ग्राफिक्सचा प्रश्न आय५ मध्येही येतो. आय५-३३५०पी आणि आय५-२५५०के यांत ग्राफिक्स वापरता येत नाही.

बोर्ड दुसऱ्या पिढीवरच थांबत असेल तर आय७-२६०० हा वरचा व्यवहार्य पर्याय : ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्‌झ, चार कोअर, आठ थ्रेड. मात्र तो ९५ वॉटचा आहे, आणि त्याला कूलर चांगला लागतो.

माझे मत असे, की ज्यांचे काम ब्राउझर, ऑफिस आणि हिशेबाचे आहे त्यांनी आय५-३४७० वर थांबावे. चार खरे कोअर, ३.२ ते ३.६ गिगाहर्ट्‌झ, ७७ वॉट. आय३-२१२० वरून त्यावर गेल्यावर रोजच्या वापरात जाणवणारा बहुतेक फायदा मिळून जातो. आय७ चे जादा थ्रेड व्हिडिओ रेंडर, मोठ्या फाइली संकुचित करणे, प्रोग्रॅम कंपाइल करणे, व्हर्च्युअल मशीन अशा कामांतच कामाला येतात. ती कामे तुम्ही करत असाल तर आय७ साठी थांबून, शोधून, तोच घ्यावा.

### सॉकेट दुसरा असेल तर

एलजीए ७७५ वर सॉकेटपेक्षा फ्रंट साइड बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातील मार्गाचा, वेग निर्णायक आहे. ९४५ मालिकेचे चिपसेट अधिकृतपणे १०६६ पर्यंतच जातात. १३३३ बसचा कोअर २ क्वाड क्यू९५५० त्यावर बसेल, पण चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एलजीए ११५० वर ८१ ते ८७ क्रमांकांच्या चिपसेटांना २०१४ च्या सुधारित हॅसवेलसाठी, उदाहरणार्थ आय७-४७९० साठी, नवा बायोस लागतो. आय७-५७७५सी हा ब्रॉडवेल प्रोसेसर फक्त ९ मालिकेच्या, म्हणजे एच९७ आणि झेड९७ चिपसेटांवर चालतो.

एलजीए ११५१ हा सर्वांत फसवा. १०० व २०० मालिकेचे चिपसेट सहावी व सातवी पिढी घेतात, ३०० मालिकेचे आठवी व नववी. नाव एकच, खाच एकच, तरी दोन्ही बाजूंचे प्रोसेसर एकमेकांच्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाहीत. एच११० बोर्डवाल्याने आय७-७७०० वर थांबावे. आय७-८७०० स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

एएमडीचा एएम४ याबाबतीत सर्वांत उदार आहे. २०१७ च्या बी३५० सारख्या बोर्डांसाठीही एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेचा आधार खुला केला, त्यामुळे अशा अनेक बोर्डांवर रायझन ५ ५६००, रायझन ७ ५७००एक्स किंवा ५८००एक्स३डी बसू शकतो. अट तीच : तुमच्या मॉडेलसाठी बायोस आलेला असला पाहिजे. जुन्या बोर्डांवरील बायोसची चिप १६ एमबीची असल्याने काही उत्पादकांनी नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला. तेव्हा उत्पादकाची टीप शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. नावात ‘जी’ नसलेल्या रायझन ५००० प्रोसेसरांत ग्राफिक्स नसते, हेही विसरू नये.

## टप्पा ४ : वीज आणि उष्णता

आय३-२१२० च्या ६५ वॉटवरून ७७ वर जाणे म्हणजे फक्त १२ वॉटांची वाढ असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात दोन कोअरचा आय३ त्या ६५ वॉटांच्या जवळ क्वचितच जातो, आणि चार कोअरचा आय७ पूर्ण भारावर आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचतो. फरक जाणवण्याइतका असतो.

१. एसएमपीएसवरील, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या पेटीवरील, लेबल वाचावे. मोठ्या अक्षरांतल्या ‘४५० वॉट’कडे दुर्लक्ष करून १२ व्होल्टच्या रकान्यातील ॲम्पिअर पाहावेत आणि १२ ने गुणावे. १४ ॲम्पिअर असतील तर १६८ वॉट एवढीच ताकद प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांसाठी मिळते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर आय७ साठी ती पुरते. असेल तर एसएमपीएस बदलावा.

२. सॉकेटशेजारील वीजनियामक भाग पाहावा, म्हणजे चौकोनी कॉइल आणि त्यांच्या बाजूच्या काळ्या मॉस्फेट चिपा. स्वस्त एच६१ बोर्डांवर त्यांच्यावर हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) नसतो. तासन्‌तास रेंडर करायचे असेल तर त्या भागावर हवा पोहोचेल असा कॅबिनेटचा एक पंखा बसवावा.

३. फुगलेले किंवा वरून गळलेले कपॅसिटर दिसले तर प्रोसेसर बदलण्याचा बेत तेथेच थांबवावा. त्या बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नाही.

४. कूलर उलटा करून पाहता येईल तेव्हा त्याचा तळ पाहावा. आय३ बरोबर येणारा इंटेलचा कूलर बहुधा नुसत्या ॲल्युमिनियमचा आणि बुटका असतो. जास्त वॉटच्या प्रोसेसरांबरोबरच्या कूलरच्या मध्यभागी तांब्याचा गाभा असतो. आय७ ला दुसराच घ्यावा. एलजीए ११५५, ११५६, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांच्या छिद्रांतील अंतर ७५ मिलिमीटर असल्याने त्यांचे कूलर एकमेकांना चालतात. ७७५ चा चालत नाही. त्याचे अंतर ७२ मिलिमीटर आहे.

तपासणी : बोर्डाच्या पुस्तिकेत वॉटची मर्यादा दिली आहे का? काही लहान बोर्डांवर ती ६५ वॉटची असते, आणि मग ‘एस’ प्रकारचा प्रोसेसरच शोधावा लागतो.

## टप्पा ५ : बायोस अद्ययावत करणे, जुना प्रोसेसर जागेवर असताना

या टप्प्याचा क्रम चुकला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. नवा प्रोसेसर बसवल्यावर जुना बायोस त्याला ओळखत नाही, त्यामुळे बायोस बदलण्यापुरताही संगणक सुरू होत नाही, आणि पुन्हा जुना प्रोसेसर बसवण्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून बायोस आधी. आणि तोही खरेदीच्या आधी : अद्ययावत करताना बोर्डाने दगा दिला तर निदान प्रोसेसरचे पैसे वाचतात.

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर तो तात्पुरता स्थगित करावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

२. बायोसमध्ये जाऊन सध्याच्या मांडणीची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. साटा मोडची (डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे त्याची) नोंद अवश्य करावी. अद्ययावत केल्यावर मांडणी मूळ स्थितीला जाते. पूर्वी आयडीई असलेला मोड एएचसीआय झाला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते, आणि लोक बायोस बिघडला असे समजतात. मोड पूर्ववत केला की विंडोज सुरू होते.

३. टप्पा १ मध्ये लिहिलेल्या मॉडेलचा आणि आवृत्तीचाच बायोस उतरवावा. डाउनलोडखालील सूचना पूर्ण वाचावी. मधली एखादी आवृत्ती आधी चढवायला सांगितली असेल, किंवा मॅनेजमेंट इंजिनसाठी वेगळे साधन दिले असेल, तर तो क्रम जसाच्या तसा पाळावा.

४. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या लहान पेन ड्राइव्हवर फाइल ठेवावी.

५. संगणक यूपीएसवर घ्यावा. यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. दोन मिनिटे न टिकणारा यूपीएस असून नसल्यासारखा आहे. भारनियमनाच्या वेळेत किंवा पावसाळ्यात विजा चमकत असताना हे काम करू नये.

६. विंडोजमधून नव्हे, तर बायोसमधल्या साधनातूनच अद्ययावत करावे. गिगाबाइटचे क्यू-फ्लॅश, असूसचे ईझी फ्लॅश, एमएसआयचे एम-फ्लॅश, ॲसरॉकचे इन्स्टंट फ्लॅश.

७. प्रक्रिया चालू असताना कोणतीही कळ दाबू नये. पडदा काही काळ स्थिर राहिला तरी वाट पाहावी.

८. पूर्ण झाल्यावर बायोसमध्ये जाऊन मूळ मांडणी लोड करावी, साटा मोड पूर्ववत करावा, आणि जुन्याच प्रोसेसरवर विंडोज एकदा सुरू करून पाहावे.

इशारा : काही बोर्डांवर तिसऱ्या पिढीचा बायोस चढवल्यावर जुन्या बायोसकडे परतता येत नाही. सूचनेत तसे लिहिले असेल तर ते मान्य असेल तरच पुढे जावे.

तपासणी : सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये नवी आवृत्ती दिसते का, आणि ती यादीतील आवश्यक आवृत्तीइतकी किंवा त्याहून पुढची आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ आल्याखेरीज खरेदीला जाऊ नये.

## टप्पा ६ : खरेदी

या पिढीचे प्रोसेसर आता सेकंडहँडच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी दुकानदार समोर लावून दाखवतात; ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त पैसे गेले तरी समोर चालवून घेतलेला प्रोसेसर बरा.

प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर कोरलेले पूर्ण नाव वाचावे आणि त्याखालचा सांकेतिक क्रमांकही वाचावा. आय७-३७७० साठी तो एसआर०पीके असतो, ३७७०के साठी एसआर०पीएल. टोपीवर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे कोरलेले असेल तर तो चाचणीसाठीचा नमुना आहे. स्वस्त असला तरी घेऊ नये. खालच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांच्या मध्ये बारीक कपॅसिटर असतात. त्यांतला एखादा निघालेला असेल तर प्रोसेसर परत करावा. दुकानात सीपीयू-झेड लावून नाव, कोअर आणि थ्रेड पडद्यावर पाहावेत, आणि रॅमचे दोन्ही स्लॉट भरून दोन्हींतील रॅम दिसते का तेही पाहावे. या पिढीत रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे एक चॅनेल निकामी झालेला प्रोसेसर एरवी ठीक चालतो. निदान आठवड्याची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी.

थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सीआर२०३२ बॅटरी याच फेरीत घ्यावी. एवढ्या जुन्या बोर्डाची बॅटरी बदललेली बरी.

## टप्पा ७ : बसवणे

१. संगणक दहा मिनिटे चालवून मग बंद करावा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. वीज काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार काढून टाकावा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा.

२. पंख्याची वायर काढावी. कूलरच्या चारही पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढाव्यात. कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. सरळ वर खेचू नये. एएम४ वर तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेथे पिना प्रोसेसरला असतात आणि घट्ट पेस्टमुळे प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो.

३. सॉकेटचा दांडा खाली दाबून, बाहेर सरकवून वर घ्यावा. पत्रा उघडावा. जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचलावा.

४. नव्या प्रोसेसरच्या दोन खाचा सॉकेटमधल्या उंचवट्यांशी जुळवून तो सोडावा. दाबू नये. आपल्या वजनाने तो सपाट बसला पाहिजे.

५. पत्रा लावून दांडा खाली आणावा. येथे चांगलाच जोर लागतो आणि तो योग्य आहे, मात्र प्रोसेसर सपाट बसल्याची खात्री झाल्यावरच.

६. टोपी अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. मध्यभागी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी पेस्ट ठेवावी. ती कूलरच्या दाबाने पसरते.

७. पिना मूळ दिशेला फिरवून घ्याव्यात. आधी समोरासमोरच्या दोन तिरक्या पिना आणि मग उरलेल्या दोन, आवाज येईपर्यंत दाबाव्यात. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडावी.

इशारा : सॉकेटमधल्या पिनांना बोट, कापड किंवा पेस्ट लागू देऊ नये. एक पिन वाकली तरी रॅमचा एक स्लॉट किंवा पूर्ण बोर्ड बंद पडू शकतो.

तपासणी : कूलर हाताने हलवून पाहावा. एक कोपरा जरी डुगडुगला तरी ती पिन पूर्ण बसलेली नाही. वाढलेल्या तापमानामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

## टप्पा ८ : पहिली सुरुवात आणि चाचणी

पहिल्यांदा संगणक स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. बोर्ड नव्या प्रोसेसरशी आणि रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा लगेच वीज काढू नये.

दोन मिनिटांनंतरही डिस्प्ले आला नाही, तर प्रोसेसरला दोष देण्यापूर्वी याच क्रमाने पाहावे : मॉनिटरची वायर योग्य पोर्टात आहे का, म्हणजे ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डाच्याच पोर्टात, प्रोसेसरची चार पिनांची वीजजोडणी लावली का, बॅटरी काही मिनिटे काढून किंवा जंपरने सीमॉस (बायोसची साठवलेली मांडणी) साफ केले का, रॅमची एकच पट्टी ठेवून, स्लॉट बदलून पाहिले का. एवढे करूनही काही दिसले नाही, तर जुना प्रोसेसर परत बसवावा. तो चालला तर दोष नव्या प्रोसेसरचा किंवा बायोसचा. तोही चालला नाही तर सॉकेटच्या पिना भिंगाखाली पाहाव्यात.

डिस्प्ले आला की आधी बायोसमध्येच थांबावे. प्रोसेसरचे नाव बरोबर आहे का आणि काही न करता तापमान पाच मिनिटे ५० अंशांच्या खाली स्थिर राहते का, ते पाहावे. रॅमचा वेगही पाहावा : दुसरी पिढी अधिकृतपणे १३३३ पर्यंत जात होती, तिसरी १६०० पर्यंत जाते, त्यामुळे १६०० ची रॅम आता आपल्या पूर्ण वेगाने धावू लागते. पुढे संगणक अधूनमधून अडकू लागला तर रॅम पुन्हा १३३३ वर आणून पाहावी.

विंडोज सुरू झाल्यावर सिनेबेंचसारखी चाचणी अर्धा तास चालवावी आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान व वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे पाहावेत. तापमान ८० अंशांच्या आत असेल तर उत्तम. ९० च्या वर गेले तर चाचणी थांबवून कूलर पुन्हा बसवावा. वेग मूळ आकड्याच्या खाली जात नाही ना, हा दुसरा आकडा. आय७-३७७० पूर्ण भारावर ३.७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास राहायला हवा. तापमान ठीक असूनही तो ३.४ च्या खाली घसरत असेल, तर बोर्डाचा वीजनियामक भाग थकतो आहे. तेथे हवा पोहोचवावी, आणि तरीही फरक पडला नाही तर ‘एस’ प्रकार किंवा आय५ त्या बोर्डासाठी योग्य.

रात्रभर मेमटेस्ट८६ चालवून रॅम तपासावी, मग बिटलॉकर पुन्हा चालू करावा. जुना प्रोसेसर अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावा आणि टेस्टिंग वॉरंटीची मुदत संपेपर्यंत तो विकू नये. तोपर्यंत काही बिघडले तर दोष कोणाचा आहे हे दाखवण्याचे तेच एक साधन हाताशी असते.